झाडं मरेनात तेव्हा

गेल्या महिन्यात कॉलेजमधल्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. "ताई, थिसिसला बुरशी घेऊ की जिवाणू?" पाऊण तास बोललो, तरी माझं अर्धंच सांगून झालं होतं. ती म्हणाली, "लिहून ठेव ना कुठेतरी." म्हणून हे लिहितेय. भाजीपाल्याच्या जिवाणूजन्य रोगांवर काम करायला निघालेल्या कुणाला माझ्या चुकांपैकी एखादी टाळता आली तर बरंच आहे.

मी एम.एस्सी. (कृषी) वनस्पती रोगशास्त्रात केलं. प्रवेश नोव्हेंबर २०२२, व्हायवा मार्च २०२५. कागदावर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वरचे महिने कुठे गेले, त्याचीच ही हकीगत.

आमच्या घरी कोबी असतो, त्यामुळे मला घाण्या रोगावर काम करायचं होतं. पानाच्या कडेला इंग्रजी व्हीसारखा पिवळा डाग, मग काळ्या पडलेल्या शिरा आणि शेवटी गड्डा सडल्याचा तो वास. लहानपणापासून पाहिलेला रोग. सर म्हणाले, "त्यावर आपल्याकडे तीन थिसिस झालेत. तू मर घे." मर म्हणजे वांगी-टोमॅटोची जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूमुळे होणारी. आमच्याकडे घाटावर झाड वाळलं की सगळ्यालाच मर म्हणतात. बुरशीने वाळू दे, सूत्रकृमीने वाळू दे, नाहीतर पाणी तुंबून, आळवणी (मुळाशी औषध ओतणं) एकच. पण जिवाणूची मर एकदा पाहिली की विसरत नाही. झाड पिवळं पडत नाही, पानांवर डाग नसतात, हिरवंगार असतानाच भर दुपारी शेंडा मान टाकतो. संध्याकाळी जरा सावरल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत झाड उभ्याउभ्या संपतं. जिवाणू मुळाच्या जखमेतून शिरतो, जलवाहिन्यांमध्ये वाढतो आणि इतका चिकट द्राव सोडतो की नळ्याच तुंबतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं.

आम्ल जमीन, दमट हवा आणि उष्णता त्याला मानवते, म्हणून कोकण आणि गोवा हे त्याचं घरच. माझं सर्वेक्षण तिकडेच करायचं ठरलं.

आधी ओआरडब्ल्यू, म्हणजे संशोधनाचा आराखडा. फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहायला घेतला आणि ऑगस्टमध्ये मंजूर झाला. पहिल्यांदा परत आला तो समासाच्या मापामुळे. दुसऱ्यांदा उद्दिष्टं सहा होती ती चार करा म्हणून, आणि हे मात्र त्यांचं बरोबर होतं. तिसऱ्यांदा सल्लागार समितीतले एक सदस्य निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवीन नाव आलं, म्हणून सगळ्यांच्या सह्या पुन्हा. त्या आराखड्यात मी उत्साहाने लिहिलं होतं, "किमान १२ आयसोलेट." आयसोलेट म्हणजे रोगट झाडातून वेगळा काढून वाढवलेला जिवाणू. तुम्ही लिहाल तेव्हा आकडा घालू नका. "उपलब्ध आयसोलेट" असं लिहा. का, ते पुढे येईलच.

सप्टेंबर २०२३ मध्ये रसायनांचा इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, दिला. या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं रसायन म्हणजे ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड, लॅबमध्ये सगळे टीटीसी म्हणतात. पेप्टोन, केसिन हायड्रोलायझेट, ग्लुकोज आणि अगरच्या मीडियात, म्हणजे जिवाणूच्या खाद्यात, ते लिटरला ५० मिलिग्रॅम घातलं की तयार होतो टीझेडसी मीडिया. त्यावर खरा रोग करणारा जिवाणू पांढऱ्या, पाणचट, पसरट वसाहती करतो आणि मधोमध गुलाबी छटा असते. रोग करण्याची ताकद गेलेला जिवाणू लहान, गोल, गडद लाल ठिपके करतो. म्हणजे एका प्लेटवर (मीडिया ओतलेल्या बशीवर) डोळ्यांनी कळतं की हातात वाघ आहे की मांजर.

इंडेंटला तीन कोटेशन लागतात. तीन जोडली. डिसेंबरमध्ये फाइल परत आली, कारण एका कोटेशनवर पुरवठादाराचा शिक्का पुसट होता. नवीन आणलं. तोवर बजेट हेड बदललं. मग मार्च आला, आणि मार्चअखेर सरकारी कॉलेजात काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. पैसे परत गेले, एप्रिलमध्ये सगळं पहिल्यापासून. बाटली आली २२ मे २०२४ ला. दोन-अडीच हजारांची बाटली. तेवढे पैसे मी नुसत्या एसटीवर घातले होते. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय, त्याला गणती नाही.

पण डिसेंबरमध्ये थांबता येत नव्हतं. कोकणात भात कापल्यावर त्याच मळ्यांत भाजीपाला लागतो, डिसेंबर ते मार्च हाच हंगाम. मृद सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमधून एका मॅडमनी टीटीसीचा १ टक्क्याचा तयार द्राव दिला, १० मिली. लिटरला ५ मिली लागतो, म्हणजे दोन लिटर मीडिया, शंभरेक प्लेटा. मला वाटलं, खूप झालं.

१४ डिसेंबर २०२३ ला पहिली फेरी. फोंडा घाट उतरून कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला. जानेवारीत संगमेश्वर आणि गुहागर. फेब्रुवारीत एकदा गोव्यात आगशीला, कारण तिथली वांगी सगळ्या गोव्यात नावाजलेली आणि मरही तशीच. एकूण २३ शेतं. एका फेरीला जेवण-मुक्काम धरून १,८०० ते २,२०० रुपये लागले. संशोधन भत्ता नव्हता, सगळं घरून.

नमुना घेण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पूर्ण वाळलेलं झाड घेऊ नका, त्यात सडवणारे इतर जिवाणू आधीच घुसलेले असतात. आज मान टाकलेलं, अजून हिरवं असलेलं झाड घ्या. बुंध्याचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि सडतो. पिशवीवर पेन्सिलीने लिहा, शाई ओलीला टिकत नाही. चाकू दर झाडानंतर स्पिरिटने पुसा. आणि सगळ्यात आधी, एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना चपला-बूट धुवा. हा जिवाणू मातीतून आणि पाण्यातून पसरतो. आपण संशोधनाच्या नावाखाली कुणाच्या तरी चांगल्या मळ्यात तो नेऊन सोडायचा, हे पाप नको. मी गमबूट घेतले होते आणि पाण्याची पाच लिटरची कॅन. एसटीत कंडक्टर विचारायचे, "मासे पकडायला का?"

शेतावरच करायची एक चाचणी आहे. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं, बुंध्याचा ताजा तुकडा त्यात टोक बुडेल असा धरायचा. जिवाणूजन्य मर असेल तर दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागतात, अगरबत्तीचा धूर उलटा वाहावा तसे. बुरशीची मर असेल तर काही येत नाही. कुडाळजवळच्या एका गावात एका काकांच्या मळ्यात मी हे करून दाखवलं. सत्तरीचे असतील. सकाळी मी गेले तेव्हा एका झाडाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "कालपर्यंत बरां होतां गो." धागे उतरताना त्यांनी ग्लास उन्हात धरला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मगे औषध काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी स्ट्रेप्टोसायक्लिन मारून झालं होतं, तांबेयुक्त बुरशीनाशकही. दोन्ही फवारलेली. रोग मुळात आणि वाहिन्यांत, फवारा पानावर. मी मान डोलावली आणि तुकडा पिशवीत भरला.

त्याच काकांनी एक गोष्ट दाखवली जी माझ्या प्रश्नावलीत नव्हती. पाटाचं पाणी वरच्या मळ्यातून खालच्यात येत होतं. वरच्या मळ्यात तीन झाडं गेलेली, मधल्यात वीसेक, खालच्यात निम्मा वाफा. "पाण्याबरोबर उतारता," ते म्हणाले. पुढच्या सगळ्या शेतांवर मी पाण्याची दिशा वहीत काढत गेले. थिसिसमध्ये हे एका परिच्छेदात आलंय. खरं तर तो अख्ख्या थिसिसचा विषय व्हायला हवा होता.

लॅबमध्ये तुकड्याचा पृष्ठभाग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने धुवायचा, निर्जंतुक पाण्यात तीनदा खंगाळायचा, थेंबभर पाण्यात कापून धागे उतरू द्यायचे आणि ते पाणी लूपने (तारेच्या कडीने) प्लेटवर ओढायचं. २८ अंशाला ४८ तास. टीटीसी मीडियाबरोबर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका. मीडिया हाताला सोसेल इतका निवला की घाला. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात ते खराब होतं. पहिल्या आठवड्यात माझ्या निम्म्या प्लेटांवर पिवळ्या वसाहती पसरल्या, दोनदा वीज गेली, एकदा ऑटोक्लेव्हचं गॅस्केट उडालं. तरी फेब्रुवारीअखेर २३ शेतांतून १४ आयसोलेट हाती लागले. सगळे पांढरे, पाणचट, मधे गुलाबी. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. आईने लिहिलं, "छान आहे. जेवलीस का?"

शंभर प्लेटा तोवर संपल्या होत्या.

आता माझी चूक. टीटीसी नाही, मग कल्चर (वाढवलेले जिवाणू) सांभाळायची कशावर? साध्या न्यूट्रिअंट अगरच्या स्लँटवर, म्हणजे ट्यूबमध्ये तिरका गोठवलेल्या मीडियावर. कॉलेजात बुरशीची कल्चरं सगळे तशीच ठेवतात: स्लँट, चार अंशाचा फ्रीज, महिन्याला नवीन स्लँट. मीही तेच केलं. उलट जास्त काळजी म्हणून दर पंधरा दिवसांनी नवीन स्लँटवर घेत होते. पीएच.डी. करणारा एक दादा म्हणाला होता, "राल्स्टोनिया फ्रीजमध्ये ठेवू नकोस. निर्जंतुक पाण्यात लूपभर घाल आणि साध्या रॅकवर ठेवून दे." मला वाटलं, चेष्टा करतोय. खायला काही नाही, नुसत्या पाण्यात जिवाणू राहील कसा? त्याचं मन मोडू नये म्हणून पाच आयसोलेटच्या पाच ट्यूबा केल्या, झाकणांना पॅराफिल्म लावली, रॅकच्या मागच्या ओळीत ठेवल्या आणि विसरून गेले.

११ मार्च २०२४ ला कुंड्यांतला पहिला प्रयोग लावला. पुसा रुबी टोमॅटो, कारण ती या रोगाला लगेच बळी पडते आणि तुलनेसाठी सगळे तीच घेतात. तीस दिवसांची रोपं, ऑटोक्लेव्ह केलेली माती, मुळांना एका बाजूने चाकूची चीर, आणि बुंध्याशी जिवाणूचं पाणी, मिलिलिटरला दहा कोटींच्या आसपास जिवाणू. कुंड्यांखाली थाळ्या, म्हणजे निचऱ्याचं पाणी बाहेर जाऊ नये. बारा आयसोलेट, प्रत्येकी दहा कुंड्या, शिवाय नुसतं पाणी घातलेल्या दहा.

आठवडा गेला. काही नाही. दहा दिवस. सर म्हणाले, थांब. पंधरा दिवस. रोपं जोमात. वीस दिवसांनी काहींना फुलं आली. शेडनेटमध्ये काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "किती छान केलीस गं टोमॅटो." मी तिथेच बसून रडले. शेतकऱ्याची मुलगी, आयुष्यभर झाड जगावं म्हणून धडपडणारी माणसं बघितलेली, आणि मी रोज पहाटे उठून एखादं तरी झाड मेलंय का बघायला जात होते. तिसाव्या दिवशी १२० रोपांपैकी दोन वाळली होती, तीही बहुधा माझ्या हातून पाणी कमी पडल्यामुळे, कारण बुंधा ग्लासात धरला तर एकही धागा उतरला नाही.

सर रागावले नाहीत, म्हणाले, "टीझेडसीवर लाव." टीटीसी कुठून आणू? दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने ५ मिली द्राव एसटी पार्सलने पाठवला, फॉइलमध्ये आणि त्यावर तिच्या जुन्या मोज्यात गुंडाळून. १८ एप्रिलला प्लेटा काढल्या. बाराच्या बारा लाल. लहान, गोल, गडद लाल ठिपके, ओळीने, कुंकवाच्या टिकल्यांसारखे. दोन-तीन प्लेटांवर कुठेतरी एखादी पांढरी वसाहत, बस्स.

हा जिवाणू लॅबमध्ये आयतं खाऊन लाडावतो. पुन्हापुन्हा नवीन मीडियावर घेतला की त्याच्यात चिकट द्राव न करणारे बदललेले जिवाणू पुढे येतात, आणि द्राव नाही म्हणजे मरही नाही. यामागे बऱ्याचदा पीएचसीए नावाच्या एका नियंत्रक जनुकातला बिघाड असतो. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आर्थर केलमन यांनी १९५४ मध्ये हा मीडिया मांडला तोच मुळी हा फरक दाखवण्यासाठी. माझ्या साहित्य आढाव्यात केलमन पहिल्याच पानावर होते. मी तो संदर्भ एका जुन्या थिसिसमधून उचलला होता, मूळ लेख वाचला नव्हता. त्या रात्री वाचला.

एक आणखी सांगते, कारण यात बरेच जण फसतात. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या चाचणीने, हे कळलं नसतं. ७५९ आणि ७६० हे प्रायमर (ओळख पटवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून येणारा २८० बेसपेअरचा पट्टा फक्त "हा राल्स्टोनिया आहे" एवढंच सांगतो. लाल वसाहतीचाही तोच पट्टा येतो. मी फेब्रुवारीत पीसीआर केला असता तर सगळे आयसोलेट "कन्फर्म" झाले असते आणि मी अजूनच निर्धास्त झाले असते.

दादाला सांगायला गेले तेव्हा त्याने एकच विचारलं: "पाण्याच्या ट्यूबा?" त्या रॅकच्या मागच्या ओळीतच होत्या, धूळ बसलेल्या. मैत्रिणीच्या द्रावातून उरलेल्या मीडियावर लावल्या. दोन दिवसांनी पाचही प्लेटांवर पांढऱ्या, पाणचट वसाहती, गुलाबी डोळ्यांच्या. दोन महिने नुसत्या पाण्यात, साध्या खोलीत, उपाशी राहून शाबूत. दादा काही बोलला नाही. मीच दोघांसाठी चहा आणला.

पाच झाले. आराखड्यात बारा. समितीकडे अर्ज केला तर उत्तर आलं की मंजूर संख्येत बदल करायचा तर कारणांसह टिपणी, गाईडची शिफारस, विभागप्रमुखांची शिफारस आणि समितीची बैठक. बैठक जुलैत होती. तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा मी पावसात पुन्हा कोकणात उतरले. पावसाळी वांगी-मिरची भरड जमिनीवर आणि परसात असते. चिखल, जळवा, मोबाइलला रेंज नाही. नमुने ओले, त्यामुळे दूषित प्लेटा जास्त. पण तोवर टीटीसीची बाटली आली होती. जुलैच्या दोन फेऱ्यांत सहा आयसोलेट मिळाले. पाच आणि सहा अकरा. बारावा मिळता मिळता राहिला. संगमेश्वरच्या एका नमुन्यावर सगळी बुरशी चढली.

मग "१२ ऐवजी ११" अशी टिपणी. तीवर पाच सह्या झाल्या. मला हसू येत होतं, पण सह्या घेताना गंभीर चेहरा ठेवला.

या वेळी प्रत्येक आयसोलेटच्या तीन-तीन ट्यूबा पाण्यात केल्या आणि वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या. एक संच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाच्या फ्रीजरलाही दिला, पण तो फ्रीजर दुसऱ्या विभागाचा, किल्ली तिसऱ्याकडे. प्रयोगाआधी दर वेळी पाण्यातून थेट टीझेडसीवर, आणि फक्त पांढरी वसाहत उचलायची. स्लँट बंद.

१९ ऑगस्ट २०२४ ला दुसरा प्रयोग लावला. २५ ऑगस्टला, सहाव्या दिवशी, दुपारी दोन वाजता, कुडाळच्या आयसोलेटच्या चौथ्या कुंडीतल्या रोपाने मान टाकली. मी आईला फोन केला, "अगं, झाड मेलं!" ती घाबरली, "कुठलं? दारातलं?" पंधराव्या दिवशी त्या आयसोलेटची दहापैकी नऊ रोपं गेली होती. मावशी पुन्हा आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अरेरे, आधीची किती छान होती." मेलेल्या रोपांतून जिवाणू परत वेगळा केला, तोच आहे याची खात्री केली. वापरलेली माती, थाळ्या, रोपं, सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाकलं.

बाकीचं काम तुलनेने सरळ झालं. सहा शर्करा आणि शर्करा-अल्कोहोलांवरची बायोव्हारची चाचणी केली, म्हणजे जिवाणू त्यातलं काय वापरतो त्यावरून त्याचा गट ठरवायचा. मीडियाचा रंग हिरव्याचा पिवळा होतो का ते बघायचं, पण २८ दिवस लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा. अकराच्या अकरा बायोव्हार ३. पीसीआर दुसऱ्या संस्थेच्या लॅबमध्ये, नमुन्याला २५० रुपये. पहिल्या जेलवर काहीच दिसलं नाही, पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा नाही. बफर मॅग्नेशियमशिवायचा होता आणि मी ते वेगळं घातलंच नव्हतं. दुसऱ्यांदा २८० चा पट्टा आणि त्याखाली १४४ चा. १४४ म्हणजे फायलोटाइप (डीएनएवरून ठरणारा गट) १, आशियाई गट. टक्केवारीच्या आकड्यांचं आर्कसाइन रूपांतर करून विश्लेषण केलं, ऑपस्टॅट या सॉफ्टवेअरवर, जे हिसारच्या कृषी विद्यापीठाचं आहे आणि फुकट आहे.

वाणांच्या प्रयोगात मला मजा आली. टोमॅटोच्या पुसा रुबी आणि अर्का रक्षक, वांग्याची अर्का निधी, कुडाळच्या काकांनी दिलेलं गावठी वांग्याचं बी, आणि सोलॅनम टॉर्व्हम हे काटेरी जंगली वांगं, ज्याच्या खुंटावर कलम करतात. दहा-दहा रोपांत पुसा रुबीची नऊ गेली, गावठीची आठ, अर्का रक्षकची तीन, अर्का निधीची दोन, टॉर्व्हमचं एकही नाही. दहा कुंड्यांवरून कुणी शिफारस करत नाही, आणि मीही केली नाही. पण टॉर्व्हमचं बी उगवायला फार आळशी असतं, पहिल्या पेरणीत काहीच आलं नाही, त्यामुळे ते दीड महिना आधी टाका.

मग नावाचा घोळ. या जिवाणूचं वर्णन अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये बॅसिलस सोलॅनसिएरम म्हणून केलं. पुढे तो स्यूडोमोनास झाला, १९९२ मध्ये बर्कहोल्डेरिया, १९९५ मध्ये राल्स्टोनिया. २०१४ मध्ये त्याच्या तीन जाती केल्या, आणि फायलोटाइप १ गेला राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनसिएरममध्ये. माझ्या थिसिसच्या मंजूर शीर्षकात राल्स्टोनिया सोलॅनसिएरम होतं. शीर्षक बदलायचं तर फॉर्म, ५०० रुपये आणि पुन्हा समिती. सर म्हणाले, "शीर्षक राहू दे, आत खुलासा कर." केला. शीर्षकात जातीचं नाव घालण्याआधी विचार करा. "जिवाणूजन्य मर" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

एक सत्र वाढल्यामुळे मुदतवाढीची फी, वसतिगृहाची वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये प्री-सबमिशन सेमिनार, मग साहित्यचोरी तपासणी. पहिला अहवाल १९ टक्के आला, कारण मीडियाची कृती सगळ्यांची सारखीच असते; ती तक्त्यात टाकली आणि वाक्यं माझ्या शब्दांत केली, ८ वर आला. पाच हार्डबाउंड प्रती, २,६०० रुपये. नो ड्यूजवर तेरा सह्या. ग्रंथालयातून मी न घेतलेल्या एका पुस्तकाचा दंड माझ्या नावावर निघाला, तो मिटायला चार दिवस.

व्हायवा ११ मार्चला झाला. पहिला प्रयोग लावला त्याच तारखेला, बरोबर एक वर्षाने. हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. बाहेरच्या परीक्षकांनी नावाबद्दल विचारलंच. नंतर म्हणाले, "पहिला प्रयोग फसला तो थिसिसमध्ये का लिहिला नाहीस?" मी म्हटलं, लिहिला होता, काढायला सांगितलं. खोलीत थोडा वेळ शांतता. ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.

एप्रिलमध्ये कुडाळला जाऊन आले. काकांना सांगण्यासारखं थोडंच होतं: वरच्या मळ्याचं पाणी खालच्यात सोडू नका, पाट वेगळा काढा, गेलेलं झाड मातीसकट उपटून लांब टाका, लावणीच्या वेळी हेक्टरी १५ किलो ब्लीचिंग पावडरची शिफारस आहे, टॉर्व्हमवरची कलमी रोपं मिळाली तर एक वाफा करून बघा, आणि स्ट्रेप्टोसायक्लिनवर पैसे घालू नका. त्यांनी सगळं ऐकलं. "म्हणजे औषध नाय." "नाही, काका." त्यांनी मला पिशवीभर वांगी दिली. वरच्या मळ्यातली होती. पाट त्यांनी डिसेंबरमध्येच, मला न विचारता, वेगळा काढला होता.

ज्युनिअर मुलीने जिवाणूच घेतलाय. तिला माझ्या सगळ्या ट्यूबा दिल्यात, अकरा आयसोलेटच्या, पाण्यातल्या. टीटीसीची बाटली अजून तीन-चतुर्थांश भरलेली आहे, तीही तिच्याकडेच आहे. तिच्या आराखड्यात "किमान १०" असं लिहिलेलं मी खोडायला लावलं.

आणि हो, प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम अजून आलेली नाही. अर्जाला दोन महिने झाले. सोमवारी फोन केला तर म्हणाले, नो ड्यूजची मूळ प्रत लागेल. ती मी त्यांनाच दिली होती. झेरॉक्स काढून ठेवली होती म्हणून बरं.